पाच वर्षांचं पोर, पोटमाळा आणि दीड वर्ष: हे खरंच शक्य होतं का?

एका ताईंनी विचारलंय की माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, दहा मिनिटं धड गप्प बसत नाही, मग दुसऱ्या महायुद्धात ज्यू आया एवढ्या एवढ्या पोरांना घेऊन वर्ष-दीड वर्ष लपून राहिल्या म्हणतात ते खरंच शक्य होतं का, मूल रडलं तर काय करायच्या, शी-शूचं काय, आणि दिवसभर तिथे बसून त्या करत तरी काय होत्या, की हे सगळं नंतर रंगवून सांगितलेलं आहे?

ताई, शेवटचा प्रश्न विचारताना तुम्हाला संकोच वाटला असं तुम्ही लिहिलंय. अजिबात वाटून घेऊ नका. मी बावीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवतेय, हॉलोकॉस्ट (नाझी जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार) दरवर्षी शिकवते, आणि मुलं विचारतात ते हिटलरबद्दल, रणगाड्यांबद्दल, गॅस चेंबरबद्दल. बादली कुठे ठेवायच्या हे कुणी विचारत नाही. शिकवण्याबरोबर मी म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायचं काम करते, जास्त करून धरणात गाव गेलेल्या बायकांच्या, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली की "तुम्हाला काय वाटलं हो तेव्हा?" असं विचारलं तर बाई "काय वाटणार" म्हणून गप्प बसते, आणि "चूल कुठे मांडली होती?" असं विचारलं की दोन तास बोलते. तुमचे प्रश्न चुलीचे आहेत म्हणून मला ते महत्त्वाचे वाटतात.

मी या विषयाकडे कशी आले ते थोडक्यात सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मी कोल्हापूरची. आमच्या जवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात साधारण ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. (बरेच जण त्यांना ज्यू समजतात, तसं नाही, ते बहुतेक कॅथलिक होते.) १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना पूर्व पोलंडमधल्या गावांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं होतं आणि तिथून फिरत फिरत ते इकडे पोचले. त्यांची गावं जुन्या नकाशावर शोधताना माझ्या मनात यायचं की ही माणसं इथे आली, पण यांच्या शेजारी जी ज्यू कुटुंबं होती, जी मागे राहिली, त्यांचं काय झालं? तिथून मी त्या काळातून वाचलेल्या ज्यूंच्या साक्षी, म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी, वाचायला लागले आणि मग त्या सुटल्याच नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, हो, शक्य होतं, पण फार फार थोड्यांना जमलं. हॉलोकॉस्टमध्ये साधारण ६० लाख ज्यू मारले गेले, त्यात १५ लाखांच्या आसपास मुलं होती. ज्या आया लपल्या आणि सापडल्या त्यांची साक्ष बहुतेक वेळा आपल्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे आपण वाचतो ते जिवंत राहिलेल्यांचं, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. आपल्याकडे अ‍ॅन फ्रँक सगळ्यांना माहीत आहे, पण तिची आई एडिथसुद्धा त्याच लपायच्या जागेत जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत, दोन वर्षं दोन मुली सांभाळत लपली होती आणि ६ जानेवारी १९४५ ला ऑशविट्झच्या छावणीत मेली, तिच्याबद्दल किती जण विचारतात?

आता मी एकाच बाईची गोष्ट सांगते. नाव क्लारा साफ्रान. शाळामास्तरीण होती. नवरा हिलेल, सिव्हिल इंजिनिअर. गाव झ्लोचुव्ह, तेव्हा पोलंडमध्ये, आता युक्रेनमध्ये आहे आणि त्याला झोलोचिव म्हणतात, लव्हिव शहराच्या पूर्वेला ६०-७० किलोमीटरवर. मुलगा १८ जुलै १९३७ चा, त्याचं नाव ठेवलं रोआल्ड, दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनवरून. हे नाव लक्षात ठेवा.

झ्लोचुव्हमध्ये आधी १९३९ ला सोव्हिएत आले, मग जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला आणि जुलैच्या पहिल्या दिवसांत जर्मन गावात शिरले. जाता जाता सोव्हिएत पोलिसांनी किल्ल्यातल्या तुरुंगातले कैदी मारून टाकले होते, ती प्रेतं सापडली, त्याचं खापर ज्यूंवर फोडलं गेलं आणि गावात कत्तल झाली. मग १९४२ च्या ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये माणसं मालगाड्यांत भरून बेल्झेत्सला नेली. बेल्झेत्स म्हणजे राहायची छावणी नव्हतीच हो, उतरवायचं आणि मारायचं, बस. १९४२ संपेपर्यंत तिथे ४ लाख ३४ हजारांवर ज्यू नेले गेले हे जर्मनांच्या स्वतःच्या तारेत नोंदवलेलं आहे. डिसेंबर १९४२ मध्ये उरलेल्यांना घेट्टोत, म्हणजे ज्यूंना डांबायच्या बंदिस्त वस्तीत, कोंबलं आणि एप्रिल १९४३ मध्ये तो घेट्टोही संपवला.

क्लाराचं कुटुंब तोवर लेबर कॅम्पात, म्हणजे सक्तमजुरीच्या छावणीत, होतं. हिलेलला त्या भागातली बांधकामं, रस्ते-पूल वगैरे सगळं माहीत असल्यामुळे जर्मनांना त्याचा उपयोग होता, म्हणून त्याला जरा हालचालीची मोकळीक होती. या मोकळिकीचा त्याने काय उपयोग केला तर बायको-मुलाला बाहेर काढलं. पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि जानेवारी १९४३ मध्ये क्लारा, साडेपाच वर्षांचा रोआल्ड, दोन मामा-काका आणि एक मामी-काकू असे पाच जण (नेमकं नातं मराठीत बसवता येत नाही, इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द) उनिव नावाच्या खेड्यात शाळेच्या पोटमाळ्यावर जाऊन बसले. ज्यांनी जागा दिली ते मिकोला द्युक त्या शाळेतले युक्रेनियन शिक्षक, आणि त्यांची बायको मारिया. हिलेल स्वतः मात्र कॅम्पातच राहिला.

आता जरा थांबून विचार करा. शाळा. म्हणजे रोज सकाळी गावभरची पोरं येणार, खाली वर्ग भरणार, वरती तुम्ही. पोरांचे कान किती तिखट असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एका पोराने घरी जाऊन "आमच्या शाळेत वर काहीतरी वाजतं" एवढं म्हटलं तरी खेळ खलास. आणि खेळ फक्त लपलेल्यांचा खलास होत नाही, कारण १५ ऑक्टोबर १९४१ ला पोलंडच्या त्या भागाचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याने फतवा काढला होता की घेट्टोबाहेर सापडणाऱ्या ज्यूला मृत्युदंड आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. द्युक नवरा-बायको काय पणाला लावून बसले होते ते यावरून समजतं.

शिवाय मुलगा. मुलगी असती तर निदान खोटे कागद करून, ख्रिश्चन म्हणून कुठेतरी ठेवता तरी आली असती, कित्येक आयांनी तसं केलं. मुलाची चड्डी उतरवली की संपलं, कारण ज्यू मुलाची आठव्या दिवशी सुंता होते (आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांतही होतेच), आणि त्या भागात ज्यूंशिवाय जवळजवळ कुणाची होत नसे. म्हणून मुलाच्या आईला लपवण्याशिवाय फारसा पर्याय उरत नव्हता.

शी-शूचं म्हणाल तर बहुतेक साक्षींत बादली आहे. ती भरते, तिचा वास येतो, ती रात्री कुणीतरी खाली न्यावी लागते, आणि नेणारा दिसता कामा नये. जेवणाचा प्रश्न तसाच. एका घरात अचानक पाच जास्तीच्या माणसांचं पीठ लागायला लागलं तर दुकानदाराला, शेजारणीला कळणारच, म्हणून आसरा देणारे लोक थोडं इथून थोडं तिथून घेत. थंडीत तिकडे पारा शून्याच्या खूप खाली जातो, आणि माळ्यावर शेकोटी पेटवायची सोय नाही. खोकला आला तर तोंडात कापड. कुणी झोपेत घोरत असेल तर त्याला रात्रभर हलवून जागं ठेवायला दुसरा जागा. मी हे सगळं एकट्या क्लाराबद्दल म्हणत नाहीये, अशा लपलेल्या घरोघरच्या साक्षी एकत्र वाचल्या की हेच परत परत येतं, वेगळ्या देशांत, वेगळ्या भाषांत, एकमेकांना कधीही न भेटलेल्या बायकांच्या तोंडून. तुम्ही विचारलंत ना रंगवून सांगितलंय का, तर माझ्यासारखे लोक जे तपासतात ते हेच असतं. तारीख माणूस विसरतो, महिने चुकतात, पण बादली कुठे होती आणि जिन्याची कितवी पायरी कुरकुरायची हे कुणी खोटं रचत बसत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, मुलाला गप्प कसं ठेवलं.

लोकांना वाटतं भीतीने. भीती होतीच, पण नुसत्या भीतीवर पाच वर्षांचं मूल एक दिवस गप्प राहील, दोन दिवस राहील, तिसऱ्या दिवशी कंटाळून काहीतरी करेलच. क्लाराने जे केलं ते मास्तरणीचं काम. त्या माळ्यावर शाळेची जुनी पुस्तकं ठेवलेली होती, त्यात भूगोलाची पुस्तकं. त्यातून तिने मुलाला वाचायला शिकवलं. मग भूगोल पाठ करायला लावायची आणि मग प्रश्न विचारायची. हा देश कुठे, ती नदी कुठे जाते, अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जायचं तर वाटेत काय काय लागेल. सगळं कुजबुजत. आणि मुलाचं नाव एका ध्रुवावर गेलेल्या माणसाचं, हे मला दर वेळी वाचताना पोटात कालवतं. ज्या मुलाला जिन्याखाली उतरता येत नव्हतं त्याला आईने बसल्या जागी समुद्र पाठ करून दिले.

ताई, तुम्ही मुलाला घरी अभ्यासाला बसवत असाल, तर तुम्हाला कळेल की हे किती कष्टाचं आहे. एक दिवस नाही, पाचशे दिवस. तोच पोटमाळा, तीच पुस्तकं, अंगावर तेच कपडे, खालून येणाऱ्या वर्गाच्या आवाजात आपला आवाज एका पट्टीच्या वर जाऊ न देता रोज नवीन प्रश्न काढायचे, उत्तर चुकलं तर चिडायचं नाही, बरोबर आलं तर मोठ्याने शाबासकी द्यायची नाही. मुलाला शांत ठेवणं हे त्या घरातलं सगळ्यात मोठं काम होतं आणि पाचही जणांचा जीव त्या एका कामावर टांगलेला होता, आणि ते काम आईचं. पुढे मोठा झाल्यावर या मुलाने त्या दिवसांचं वर्णन प्रेमाचा कोश असं केलंय, सुरवंटाभोवती असतो तसा. आणि त्याला आठवते ती खिडकी. त्या खिडकीतून खाली खेळणारी पोरं दिसायची. खिडकीच्या चौकटीत असेपर्यंत दिसायची, पळत चौकटीबाहेर गेली की दिसेनाशी.

हिलेल कधीमधी कॅम्पातून येऊन भेटून जायचा. तो तिथे कैद्यांसाठी हत्यारं जमवून पळून जायच्या कटात होता. जून १९४३ मध्ये कट फुटला, त्याचे हाल करून त्याला मारलं. बातमी माळ्यावर आली.

आता आपल्याकडे नवरा गेला की बाई हंबरडा फोडते, शेजारणी धावत येतात, तिला धरतात, चार बायका तिच्याबरोबर रडतात. गळा काढून रडणं हा आपल्याकडे बाईचा हक्क आहे, कुणी अडवत नाही. क्लाराला तो नव्हता. खाली शाळा आणि शेजारी सहा वर्षांचं मूल. हिलेलची एक वही तिच्याजवळ होती, तो सापेक्षतावादावरचं एक पुस्तक वाचून त्यात टिपणं काढत होता, कॅम्पात असतानासुद्धा, म्हणजे बघा कसा माणूस असेल. त्याच वहीत तिने आपलं दुःख लिहायला सुरुवात केली. आधीची पानं आइन्स्टाइनची, पुढची पानं विधवेची. मी एवढ्या साक्षी वाचल्या पण त्या वहीइतकं मला कशानेच गप्प केलं नाही. आणि नंतरही एक वर्ष, पूर्ण एक वर्ष, ती भूगोलाचे प्रश्न विचारतच राहिली.

उनिवबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण लोक सरसकट म्हणतात की त्या भागातले सगळे युक्रेनियन जर्मनांना सामील होते. बरेच होते, पोलिसांत होते, कत्तलीत होते, हे खरंच आहे. पण त्याच उनिवमध्ये एक मठ आहे, आणि ग्रीक कॅथलिक चर्चचे मुख्य धर्मगुरू आंद्रेय शेप्तित्स्की आणि त्यांचे भाऊ क्लिमेंती यांनी तिथे ज्यू मुलगे लपवले होते. त्यातला एक आदाम दानिएल रोतफेल्द, जो २००५ मध्ये पोलंडचा परराष्ट्रमंत्री झाला. एकाच खेड्यात मठात एक मुलगा आणि शाळेच्या माळ्यावर दुसरा. फरक एवढाच की मठातल्या मुलांजवळ आई नव्हती. ज्या आयांनी मूल दुसऱ्याच्या हाती सोपवलं त्या कमी प्रेमाच्या होत्या असं कृपा करून कुणी म्हणू नका, मी क्लासमध्ये हे ऐकलंय आणि मला राग येतो. जवळ ठेवलं तर दोघं मरतील आणि सोडलं तर निदान ते जगेल, हा हिशोब ज्या बाईला करावा लागला तिला आपण मार्क द्यायला बसू नये.

मूल रडलं तर काय, याचं उत्तर मी टाळणार नाही, कारण तुम्ही विचारलंय. तान्ह्या बाळांना झोपेचं औषध द्यायचे. लिथुआनियातल्या कोव्हनो घेट्टोतून बाळांना असंच औषध देऊन, पोत्यात घालून बाहेर काढलंय. औषध जास्त झालं तर बाळ उठायचंच नाही, कमी झालं तर फाटकापाशी उठायचं. आणि जिथे औषध नव्हतं तिथे… लव्हिव शहराच्या भुयारी गटारात लपलेल्या लोकांत एक बाई गरोदर होती, तिथेच बाळंत झाली, आणि बाळाच्या आवाजाने सगळे सापडणार म्हणून तिने स्वतःच त्याचा श्वास थांबवला असं सोबतच्यांनी नंतर सांगितलं. एवढंच लिहिते.

त्याच गटारात पाउलिना हिगर नावाची आई होती, तिची तुलना क्लाराशी करण्यासारखी आहे. १९४३ च्या मे अखेरीस लव्हिवचा घेट्टो संपवताना ती, तिचा नवरा इग्नात्सी, सात वर्षांची क्रिस्तिना आणि चारच्या आसपासचा पावेल गटारात उतरले आणि जवळजवळ १४ महिने तिथेच राहिले. माळ्यावर निदान खिडकी होती. इथे अंधार, उंदीर, वाहतं घाण पाणी आणि पाऊस पडला की बुडायची वेळ. पिण्याचं पाणी आणायला पुरुष अरुंद पाइपांतून रांगत जायचे, हात मोकळे हवेत म्हणून किटलीची कडी दातात धरून. त्यांना खाणं आणून द्यायचा लेओपोल्ड सोखा नावाचा पोलिश गटार-कामगार, जो आधी चोऱ्या करायचा. आणि या पाउलिनाने त्याच्याकडे काय मागितलं माहितीये? दर शुक्रवारी मेणबत्त्या. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र सुटीच्या दिवसाच्या. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावायचा असतो तसं समजा. गटारात कसली मेणबत्ती, असं वाटू शकतं, पण मुलांना आज शुक्रवार आहे हे कळणं, आठवडा संपला आणि दुसरा सुरू झाला हे कळणं, याला केवढी किंमत आहे हे ज्याने अंधारात दिवस मोजलेत त्यालाच कळेल. क्लाराचा भूगोल आणि पाउलिनाच्या मेणबत्त्या या मला एकाच कामाच्या दोन तऱ्हा वाटतात. मुलाला त्या जागेपेक्षा मोठी जागा दाखवत राहायचं. क्रिस्तिना पुढे पुढे बोलेनाशी झाली, खाईना, तेव्हा सोखाने तिला उचलून मॅनहोलपाशी नेलं आणि वरचा उजेड दाखवला.

सोखाने सुरुवातीला पैसे घेतले म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. युद्धात दहावर माणसांचं जेवण काळ्या बाजारातून आणायला पैसा लागतोच, आणि मुद्दा हा आहे की हिगरांचे पैसे संपल्यावरही तो येत राहिला. जीव धोक्यात घालणाऱ्याने भाकरीचे पैसे घेतले तर त्याने माणुसकी विकली असं होत नाही. गटारात उतरलेल्या २१ जणांपैकी १० जण जिवंत बाहेर आले, जुलै १९४४ च्या शेवटी. हिगर कुटुंबातले चौघंही त्यात होते. आणि पावेलला वरचा उजेड सहन होईना, तो परत खाली चला म्हणून रडायला लागला.

आता हे रडणं. आबा कोव्हनेर म्हणून विल्नातले (आता लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस) ज्यू लढवय्ये आणि कवी होते, त्यांनी सांगितलेलं आहे. जुलै १९४४ मध्ये विल्ना शहर मोकळं झालं तेव्हा एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन लपायच्या जागेतून बाहेर आली, महिनोन्महिने त्या दोघी आत होत्या. आई बोलायला लागली, ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि तोवर मुकी वाटलेली ती मुलगी म्हणाली, "आई, आता रडलं तर चालेल का?" तुम्ही विचारलंत ना मूल रडलं तर काय. मुलांना इतकं शिकवलेलं असायचं की ती परवानगी विचारायची.

क्लारा आणि रोआल्ड १९४४ च्या उन्हाळ्यात रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत सैन्य, आल्यावर माळ्यावरून उतरले. तो तेव्हा सात वर्षांचा होत होता. झ्लोचुव्हच्या हजारो ज्यूंपैकी फार थोडे उरले होते, यांच्या घरातले बहुतेक सगळे गेले, एक आजी आणि थोडे नातेवाईक तेवढे वाचले. इथून पुढे गोष्ट लोक एका वाक्यात संपवतात पण आईसाठी ती संपत नाही. पोलंडमध्ये प्रेमिशल, क्राकुव्ह, तिथे तिने दुसरं लग्न केलं, नवऱ्याचं नाव पॉल, मुलाला त्याने आपलं मानलं. मग १९४६ ला चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रियात लिंट्सजवळची निर्वासित छावणी, मग जर्मनीत दुसरी छावणी, मग म्युनिक. पाच वर्षं बोचकी बांधायची आणि सोडायची, आणि प्रत्येक ठिकाणी मुलाला नव्या भाषेच्या शाळेत घालायचं. २२ फेब्रुवारी १९४९ ला ते बोटीने अमेरिकेत पोचले. इंग्रजी ही त्या मुलाची सहावी भाषा.

मुलगा म्हणजे रोआल्ड हॉफमन (आडनाव सावत्र वडिलांचं), १९८१ चा रसायनशास्त्राचा नोबेल जपानच्या केनिची फुकुईंबरोबर ज्यांना मिळाला ते. सायन्सवाल्यांना नाव माहीत असेलच. मी हे मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. कारण पहिल्याच ओळीत सांगितलं असतं तर ही "नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाचं खडतर बालपण" अशी गोष्ट झाली असती, सगळीकडे ती तशीच छापली जाते, आणि क्लारा त्यात "त्यांच्या आईने त्यांना वाचायला शिकवलं" एवढ्या अर्ध्या ओळीत येते. समजा तो मुलगा पुढे साधा दुकानदार झाला असता तरी त्या पाचशे दिवसांचं काम तेवढंच मोठं होतं. आणि तो दुकानदार झाला असता तर आपल्याला क्लारा हे नावसुद्धा कळलं नसतं, हेही खरं. अशा किती असतील.

मिकोला द्युक यांना २००७ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंचे जीव वाचवणाऱ्या परधर्मीयांना देतात तो सन्मान दिला. याद वाशेमने आजवर असे २८ हजारांवर लोक नोंदवलेत, सोखाही त्यात आहे.

तुम्ही वाचायला-ऐकायला काय घेऊ असं विचारलंय, तर अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनकडे ५० हजारांच्या वर व्हिडिओ साक्षी आहेत, याद वाशेमकडेही आहेत. माझं एकच सांगणं, सुरुवात मुलांच्या साक्षींनी करू नका, आयांच्या साक्षींनी करा. दोन्ही एकाच माळ्यावरच्या असल्या तरी वेगळ्या असतात. मुलाला खिडकी आठवते, पुस्तक आठवतं, आईची मांडी आठवते. आईला बादली आठवते, जिना आठवतो, पीठ किती उरलं होतं ते आठवतं. हॉफमनांच्या आठवणी वाचताना मला सारखं जाणवतं की त्यात भीती त्या मानाने किती कमी आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या वाटणीची भीती कुणीतरी दुसऱ्याने उचलली होती.

२००६ मध्ये हॉफमन आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला घेऊन उनिवला परत गेले होते. शाळा होती, पोटमाळाही तसाच होता. माळ्याबरोबर सामानाची जी खोली लपायला वापरली होती ती मात्र आता वर्गात घेतलीय, रसायनशास्त्राच्या. तिथे आता मुलं बसतात, मोठ्याने बोलतात.